एकाच खड्ड्यात दरवर्षी रोप वाळतंय? नवं रोप आणण्याआधी खड्डा उकरून बघा

आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीच्या अलीकडे, फुटपाथमध्ये एक खड्डा आहे. त्यात आधी गुलमोहर लावला, गेला. पुढच्या वर्षी करंज लावला, तोही गेला. तिसऱ्या वर्षी ‘कडुलिंब काय, दगडावरही येतो’ असं म्हणत कडुलिंब लावला, आणि मे महिन्यात त्याचीही काटकी झाली. तिथून वीस पावलांवर दुसरा खड्डा आहे. त्यातला कडुलिंब तेवढ्याच काळात पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकला. रोपवाटिका तीच, पाणी घालणारे हात तेच, ऊनही तेच.

चौथं रोप आणण्याआधी मी वाळलेला कडुलिंब उपटला. जोर लावायची वेळच आली नाही, शेतातला मुळा निघावा तसा तो वर आला. मातीचा गोळा अजून पिशवीच्या आकाराचाच होता. अकरा महिन्यांत एकही मूळ त्या गोळ्याबाहेर गेलं नव्हतं. म्हणजे झाड आम्ही जमिनीत लावलंच नव्हतं, फुटपाथखालच्या एका कुंडीत ठेवलं होतं.

ज्यांच्या दारासमोर असा एखादा खड्डा आहे, जिथं दर पावसाळ्यात फोटो निघतो आणि दर उन्हाळ्यात रोप जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा वेळी आपण रोपाची जात बदलतो, नाहीतर पाणी वाढवतो. बहुतेक वेळा दोष या दोन्हींत नसतो. तो जमिनीखाली असतो आणि उकरल्याशिवाय दिसत नाही.

आधी खात्री करा, रोप मेलंय का?

हे सांगायचं कारण असं की आमच्याच गल्लीत जिवंत रोपं उपटली गेली आहेत. कडुलिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो. शिरीष आणि बहावाही उन्हाळ्याच्या तोंडावर उघडे पडतात. पान गळलं म्हणजे झाड गेलं असं नाही. खोडाची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. शेंडा तपकिरी आणि खाली हिरवं असेल तर हिरवं लागेपर्यंत शेंडा कापा आणि पाणी चालू ठेवा, खालून फुटवे येतात. त्यातला एक सरळ, जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढायचे. बुंध्यापाशीही साल कोरडी, तपकिरी असेल तेव्हाच उपटा.

उपटल्यावर मुळं नीट बघा. सगळं उत्तर तिथंच असतं.

गोळा पिशवीच्या आकाराचा आणि मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतील, तर मुळांना बाहेर पडायला वाटच मिळालेली नाही. मुळं काळी, मऊ आणि कुजका वास येत असेल तर रोप पाण्यात बुडून मेलंय, भले ते मे महिन्यात वाळलेलं दिसलेलं असो. मुळं बरी असून खोडाला बांधलेल्या सुतळीच्या किंवा तारेच्या जागी खाच पडली असेल तर गळफास बसलाय. बुंध्याची साल खाल्लेली आणि त्यावर मातीचे पापुद्रे असतील तर वाळवी आहे. पण वाळवी सहसा आधीच अर्धमेल्या रोपावर चढते, म्हणून तिला पहिला आरोपी धरू नका. खड्ड्यात मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळा आणि मूळ कारण शोधत राहा.

खड्ड्याची परीक्षा

रोप काढलेला खड्डा दीड-दोन फूट खोल मोकळा करा आणि काठोकाठ पाण्यानं भरा. ते पाणी जिरू द्या, म्हणजे कोरडी माती आपली तहान भागवून घेईल. मग पुन्हा भरा आणि एक काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. तासाभरात इंचभर किंवा त्याहून जास्त उतरलं तर खड्डा चांगला. तासाला अर्धा इंचही उतरत नसेल तर तिथं निचरा नाही. आमच्या डीपीजवळच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळपास तेवढंच होतं. शेजारचे अण्णा बघायला आले आणि म्हणाले, “मालक, हा तर हौद झालाय ओ.” खरंच हौद होता.

असं का होतं? आपला रस्ता, त्याची कड आणि फुटपाथ हे सगळं मुरूम आणि खडी टाकून, रोलरनं दाबून केलेलं असतं. त्याखाली कुठं काळी माती, कुठं मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, कुठं थेट काळा दगड. पावसाळ्याच्या तोंडावर घाईत खड्डे घेताना या दाबलेल्या मुरुमात टिकाव टाकून फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल भोक पाडलं जातं. त्याच्या भिंती सिमेंटसारख्या गुळगुळीत होतात. त्यात रोप ठेवून वरून काळी माती भरतात. सप्टेंबरच्या पावसात मुरूम पाणी पिऊन घेत नाही, काळी माती फुगते आणि मुळं गुदमरतात. त्यातून रोप वाचलंच तर मार्चमध्ये तीच काळी माती आक्रसते, भिंतीपासून बोटभर सुटते, त्या फटीतून गरम हवा आत जाते आणि बारीक केशमुळं तुटतात. एकच खड्डा रोपाला पावसाळ्यात बुडवतो आणि उन्हाळ्यात भाजतो.

आता जरा हिशोब करा. फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा म्हणजे 28 लिटर माती. दीड-दोन बादल्या. पंधरा-वीस फूट वाढणाऱ्या झाडाला आपण एवढ्या मातीत जग म्हणतो. लहान पिशवीतल्या गोळ्यात तर रोपाला शोषता येईल असं पाणी जेमतेम लिटरभर मावतं. एप्रिलच्या उन्हात ते किती वेळ पुरणार?

खड्डा दुरुस्त कसा करायचा

खोल जाण्यापेक्षा लांब जा. झाडाची अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरतात. फुटपाथला चौकोनी मोठा खड्डा घेता येत नाही, चालणाऱ्यांना जागा लागते. म्हणून रस्त्याच्या कडेला समांतर चर घ्या: पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल. हे 31 घनफूट झाले, म्हणजे ब्रासचा (100 घनफुटांचा) जवळपास एक तृतीयांश. फूटभराच्या भोकाच्या तीसपट माती. चर घेण्याआधी खालून पाण्याची लाईन, केबल किंवा ड्रेनेज जात नाही ना, हे महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि गल्लीतल्या जुन्या प्लंबरकडे विचारून घ्या. आमच्याकडे प्लंबरच्या सांगण्यावरूनच चर एक फूट सरकवावी लागली.

भिंती गुळगुळीत ठेवू नका. पहारीनं खरबडीत करा, ठिकठिकाणी भोसका. तळाशीही पहारीनं चार-पाच खोल भोकं पाडा म्हणजे साठलेलं पाणी खाली वाट काढेल. तळाला पक्का काळा दगड लागला आणि पहार टणटण वाजायला लागली तर हट्ट करू नका, चार फूट पुढं सरका. ज्या दगडावर पहार बसत नाही तिथं पाचवं रोपही बसणार नाही.

भरताना नुसती काळी माती घालू नका, हे मी दोन-तीनदा सांगेन. खणताना निघालेला मऊ मुरूम चाळून घ्या, खडी, डांबर, प्लास्टिक, विटांचे तुकडे फेकून द्या. दोन घमेली माती, एक घमेलं मऊ मुरूम आणि अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळत जा. शेणखत जास्त घातलं की रोप जोमात येईल असं वाटतं, पण ते कुजून बसतं आणि रोप त्याच्याबरोबर खाली खचतं. कच्चं शेण तर अजिबात नको.

हे काम एप्रिल-मे महिन्यात करा. चर उन्हात तापू द्या, मग भरा, पहिल्या वळवानं माती बसली की वरून भर घाला. मृगाच्या पहिल्या सरीला रोप लावायची घाई आपल्याकडे महागात पडते. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, जूनचा पाऊस आला की जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप पडते आणि खरा जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की लावा, आणि उघडिपीत पाणी द्यायची तयारी ठेवा. ‘पावसाळा आहे, पाणी कशाला’ म्हणून ऑगस्टमध्येच गेलेली रोपं मी पाहिली आहेत.

लावताना पिशवी ब्लेडनं चिरून पूर्ण काढा. तळ फाडून पिशवीसकट ठेवलेली रोपं दर वर्षी सापडतात, आणि याला तर काहीच निमित्त चालणार नाही. गोल फिरलेली मुळं असतील तर गोळ्याला तीन-चार ठिकाणी उभे चिरे द्या, झाड दुखावत नाही, उलट नवी मुळं बाहेर फुटतात. खोड जिथं मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या पातळीला यायला हवा. तो गाडला तर साल कुजते. उंच, लवलवत्या रोपापेक्षा अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचं, मोठ्या पिशवीतलं रोप घ्या.

पाणी: रोज तांब्याभर हा सगळ्यात मोठा घात

आपल्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. माणसाला जपून वापरावं लागतं तिथं झाडाला किती देणार? म्हणून सकाळी भांडी विसळलेलं तांब्या-दोन तांबे पाणी बुंध्याशी ओततो आणि मनाला बरं वाटतं. त्या पाण्यानं वरची दोन इंच माती ओली होते, दुपारपर्यंत सुकते. मुळं मात्र त्या ओलीच्या आशेनं वरच राहतात, खाली जातच नाहीत. मग चार दिवस गावाला गेलं की रोप कोमेजतं.

त्यापेक्षा पाणी साठवून एकदम द्या. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा 20-20 लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा 40 लिटर, तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा. ज्या दिवशी नळ येतो तोच झाडाचा दिवस, असं ठरवून टाकलं की विसरत नाही. पाणी वाहून जात असेल तर चरीत दोन फूट लांबीचा, चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा पुरा, त्याला बाजूनं भोकं पाडा, आत थोडी खडी टाका आणि पाणी त्यात ओता. ते थेट मुळांच्या पातळीला जातं. पाइप नको असेल तर कुंभाराकडचं बिनरंगाचं मडकं रोपापासून फूटभरावर गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. मातीतून पाझरत ते हळूहळू रिकामं होतं. आळं दर वर्षी बाहेर सरकवा. तीन वर्षांच्या झाडाला बुंध्याशी पाणी ओतून उपयोग नाही, पिणारी मुळं तोपर्यंत फांद्यांच्या टोकांखाली गेलेली असतात.

आणि ओल धरायला शिका. हे आपल्या जिल्ह्याला नव्यानं शिकवायची गरज नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर, पुढं पाणी न मिळता, हुरड्याला येते. 1933 पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. ज्वारीत शेवटची कोळपणी करताना शेतकरी तण काढतो, पण त्याचं खरं लक्ष जमिनीला पडलेल्या भेगा बुजवण्याकडे असतं, कारण भेगेतून ओल उडून जाते. आळ्यातही तेच करा. फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांनी खुरप्यानं वरची दोन बोटं माती हलवून भेगा बुजवा आणि वर चार इंच पालापाचोळ्याचं नाहीतर उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. ते खोडाला चिकटू देऊ नका. गल्लीत झाडून गोळा केलेला पाला लोक कोपऱ्यात पेटवतात तेव्हा जीव तुटतो. तोच पाला वीस फुटांवरच्या झाडाचा उन्हाळा सोपा करू शकतो.

बोअरच्या पाण्याबद्दल एक. आपल्याकडचं बरंच बोअरचं पाणी जड आहे. आळ्यात पांढरा थर दिसायला लागला, पानांच्या कडा करपल्या, की मधून मधून नळाचं किंवा पावसाचं भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर तो केवडा, उसात येतो तोच. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसता टाकला तर वाया जातो, मूठभर हिराकस घमेलंभर शेणखतात मिसळून आठवडाभर झाकून ठेवा आणि मग आळ्यात द्या. साबणाचं पाणी आळ्यात नको.

वरचे फास

पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाला भिडवून बसवतात, वर सिमेंटची कडा करतात. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये आदेश दिला होता, बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा आणि खोडावरचे फलक, तारा काढा. आपल्या गल्लीत तेवढं करायला आदेशाची वाट बघायची नाही. काम चालू असतानाच ठेकेदाराच्या माणसाला चहा पाजून सांगितलं की तो चार ब्लॉक सोडून देतो. एकदा बसल्यावर कोणी काढत नाही.

ट्री गार्ड शेळ्यांपासून वाचवतो, म्हणून लागतोच. पण तीन-चार वर्षांनी तोच खोडात रुततो. बांधायला तार नको, जुन्या सुती कापडाची पट्टी आठच्या आकारात, सैल. दर सहा महिन्यांनी सोडून पुन्हा बांधा. खिळे, बोर्ड, लाइटच्या माळा कोणत्याही सणाला नकोत.

झाड कोणतं, यावर मी मुद्दाम शेवटी आलोय, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. खड्डा नीट असेल तर आपल्या हवेत कडुलिंब, करंज, शिरीष, बहावा, वावळ, भोकर हे सगळे तग धरतात. वर तारा असतील तर आपटा किंवा कांचन लावा. कडुलिंब तारांखाली लावलात तर दर पावसाळ्याआधी त्याची एक बाजू छाटली जाईल आणि एकांगी झालेलं झाड वळवाच्या वाऱ्यात पडेल. वड-पिंपळ मोकळ्या मैदानाला द्या. गुलमोहर दिसतो सुंदर, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, गाड्या लागतात त्या रस्त्याला नको. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून विकतात. त्याची मुळं पाइपलाइन शोधत जातात आणि गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घेऊ नका.

रस्त्याकडेचं झाड आपण लावलं तरी ते आपल्या मालकीचं होत नाही. शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. लावतानाही त्यांना जागा कळवलेली बरी, म्हणजे उद्या कोणी रस्ता खोदताना तुमचं म्हणणं कागदावर असतं.

डीपीजवळच्या त्या खड्ड्यापाशी चौथ्या वेळी आम्ही पुन्हा कडुलिंबच लावला, फक्त डीपीच्या तारांपासून दहा फूट बाजूला, पाच फुटी चरीत. पहिल्या उन्हाळ्यात तो जेमतेम वीतभर वाढला. मी काळजीत होतो, पण हलवून बघितलं तेव्हा खोड घट्ट बसलेलं लागलं. मुळांनी जमीन धरली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तो माझ्या डोक्यावरून गेला. यंदाचा त्याचा तिसरा उन्हाळा. पाडव्याला समोरच्या मावशी गुढीसाठी डहाळी मागायला आल्या, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या खालच्या फांदीची एक डहाळी काढून दिली. त्याच वेळी लक्षात आलं की गार्डची मधली कडी खोडापासून बोटभरच उरली आहे. वेल्डिंगवाल्याला सांगून ठेवलंय, रविवारी नळाचं पाणी देऊन झालं की ती कापायची.